पट्ट्याची लष्करी गाडी घ्यायची असेल तर आधी ती बंद पडल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लष्कराने काढून टाकलेली एफव्ही ४३२ ही सैनिक वाहून नेणारी ब्रिटिश गाडी विकाऊ आहे, विकणारा म्हणतो की सेल्फ मारला की लगेच सुरू होते. तुम्ही ट्रॅक्टर आणि जुने ट्रक स्वतः खोलले आहेत. मग ही ट्रॅकवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर, चालणारी चिलखती गाडी एकट्याने सांभाळता येईल का, आणि तिच्याऐवजी अमेरिकन एम११३ किंवा ब्रिटिश सीव्हीआरटी घराण्यातली स्पार्टनसारखी हलकी गाडी घेतली तर सोपं जाईल का?

मी बारा वर्षं ४३२ सांभाळतोय. एका मित्राच्या स्पार्टनवर बराच हात चाललाय आणि एम११३ वर इतरांच्या मदतीला गेलोय. तेवढ्या अनुभवावर सांगतो. एकट्याने सांभाळणं होणार नाही, त्याची कारणं पुढे येतीलच. तुमचं इंजिनचं ज्ञान कामाला येईल, पण पहिल्या वर्षी तुम्हाला अडवेल ते इंजिन नसेल.

घेण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारा: ही गाडी बंद पडली, तर जिथे पडेल तिथून मी तिला कशी हलवणार?

ट्रकचं कसं असतं, गिअर न्यूट्रलला टाकला, दोर बांधला, मागे स्टिअरिंग धरायला एक माणूस बसवला की निघाली गाडी. इथे तसं नाही. ४३२ आणि एम११३ या दोन्ही गाड्या दोन दांड्यांवर चालतात. उजवा दांडा ओढला की उजवा ट्रॅक मंदावतो आणि दोन्ही ट्रॅकमध्ये ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमुळे डावा तेवढाच वेग घेतो. दोन्ही दांडे एकदम ओढले की गाडी थांबते. म्हणजे वळवणारे ब्रेक आणि थांबवणारे ब्रेक एकच, आणि ते त्या डिफरन्शियलमध्ये बसलेले. आता गाडी बंद पडली. इंजिन बंद असताना ट्रान्समिशनचा तेलाचा पंप फिरत नाही, म्हणून तशीच ओढली तर ट्रान्समिशन कोरडं घासून निकामी होतं. ते टाळायला ट्रॅककडे जाणारे शाफ्ट सोडावे लागतात. आणि शाफ्ट सोडले की स्टिअरिंग गेलं, ब्रेकही गेले. हातात उरतो १५ टनांचा लोखंडी ठोकळा, जो उतारावर स्वतःच्या मनाने निघेल. तो दोराने कधीही ओढायचा नाही. कडक टो-बार हवा, आणि पुढे त्याच वजनाची, तेवढेच ब्रेक असलेली दुसरी गाडी हवी.

म्हणून माझा पहिला सल्ला जागेबद्दल आहे. जिथे गाडी उभी राहणार तिथे लो-बेड ट्रेलर सरळ मागे येऊ शकतो का? गाडीच्या डोक्यावर क्रेनचा हात किंवा गॅन्ट्री (वजन उचलायची कमान) उभी करता येते का? जमीन काँक्रीटची आहे का? छप्पर बुटकं आणि दार चिंचोळं असेल तर ती शेड या गाडीसाठी नाही. मी पहिली दोन वर्षं गाडी एका बुटक्या शेडमध्ये ठेवली. साधा कुलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) होज बदलायचा तरी इंजिन वर उचलावं लागायचं, आणि इंजिन उचलायला आधी गाडी बाहेर काढावी लागायची. ती तर सुरूच होत नव्हती.

आता ट्रॅक. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लोखंडाचा पट्टा आहे, त्याला काय होणार. खरं म्हणजे ही सगळ्यात जास्त झिजणारी वस्तू. प्रत्येक कडी पुढच्या कडीला पिनने जोडलेली, पिनभोवती बुश, म्हणजे अस्तराची नळी. प्रत्येक सांधा केसभर झिजला तरी सांधे इतके असतात की सगळ्यांची मिळून लांबी चांगलीच वाढते. मग आयडलर, म्हणजे ट्रॅकच्या मागच्या टोकाचं ताण देणारं चाक, मागे सरकवून ताण परत आणायचा. आयडलरला सरकायला जागा उरली नाही की एक कडी काढायची. आणखी कडी काढूनही भागत नसेल तर त्या ट्रॅकचं आयुष्य संपलं.

गाडी बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी आधी बघा. आयडलरचा किती पल्ला शिल्लक आहे. दोन्ही बाजूंच्या कड्या किती आहेत. आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे, दात. दात एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील तर ट्रॅक आणि स्प्रॉकेट एकमेकांना खाऊन बसलेत. नुसता नवा ट्रॅक टाकला तर जुने दात त्यालाही लवकर खातील. कड्या मोजताना एम११३ वर गोंधळू नका. तिच्या एका बाजूला ६३ आणि दुसऱ्या बाजूला ६४ कड्या असतात आणि ते बरोबर आहे. टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन चाकांच्या स्प्रिंगचं काम करणारे दांडे, गाडीच्या तळातून या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडवे जातात. दोन बार एकाच जागी बसू शकत नाहीत, म्हणून शेजारी शेजारी ठेवलेत, आणि त्यामुळे एका बाजूची चाकं दुसरीपेक्षा थोडी पुढे-मागे आहेत. मला या गाडीत सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे. कागदावरची अडचण थेट कड्यांच्या संख्येत दिसते.

टॉर्शन बारचं आणखी एक. ते आधीच एका दिशेला पीळ देऊन बनवलेले असतात, म्हणून डावा बार उजवीकडे चालत नाही. टोकावर खूण असते, ती बघूनच बसवायचा. बसवताना बारच्या अंगावर ओरखडा पडू देऊ नका, कारण तडा तिथूनच सुरू होतो. एखादं चाक बाकीच्यांसारखं भार घेत नसेल, हात लावल्यावर सैल हलत असेल, तर त्याचा बार तुटलाय असं समजा.

ताण देण्याबद्दल मात्र मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण इथे माणसं जखमी होतात. एम११३ आणि सीव्हीआरटीमध्ये आयडलर ग्रीसच्या दाबाने ढकलला जातो. ग्रीसगनने ग्रीस भरलं की ट्रॅक ताणला जातो. सैल करायचा तर ग्रीस बाहेर सोडायचं. आत किती दाब आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो: मित्राच्या स्पार्टनवर आम्ही ताण कमी करत होतो. त्याने स्क्रू पाऊण आटा फिरवला, काहीच आलं नाही. आणखी थोडा फिरवला, तरी नाही. आत ग्रीस सुकून कडक झालं होतं. तो खाली वाकून बघणार, तेवढ्यात मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. पुढच्या क्षणाला ग्रीसची बोटाएवढी जाड कांडी सुटली आणि मागच्या भिंतीवर जाऊन आपटली. त्यानंतर आमचा नियम ठरला. स्क्रू कधीच पूर्ण काढायचा नाही, तोंड त्याच्या रेषेत न्यायचं नाही, आणि ग्रीस येत नसेल तर थांबायचं, गाडी थोडी पुढेमागे करून ट्रॅकला हलू द्यायचं, मग बघायचं. अशा दाबाचं ग्रीस कातडीतून आत शिरतं. वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

ट्रॅक निसटतो कधी? सैल असताना, वळताना, आणि विशेषतः मागे जाता जाता वळताना. या तिन्ही गाड्यांचं स्प्रॉकेट पुढे आहे. पुढे जाताना ते वरचा पट्टा स्वतःकडे खेचतं, म्हणून वरचा भाग आणि आयडलरवरचा भाग ताणलेला राहतो. मागे जाताना उलट होतं. सगळी ढील वर आणि आयडलरवर जमा होते. त्यात दांडा ओढला, खाली ओली माती किंवा गोटे असले, की कडी चाकाच्या कडेवर चढते. कानाला आधी कळतं. ठकठक असा वेगळाच आवाज येतो. तो आला की जागच्या जागी थांबा. आणखी दोन हात पुढे नेली तर नुसती चढलेली कडी पूर्ण उतरते.

माझा ट्रॅक एका ओल्या उतारावर मागे घेताना गेला. चढवायला आम्हा तिघांना सकाळपासून दुपार झाली. पद्धत ठरलेली आहे: आयडलर सैल करायचा, पिन ठोकून ट्रॅक तोडायचा, चाकांखाली सरळ मांडायचा, वरचं टोक दोराने ओढून स्प्रॉकेटवर घ्यायचं आणि स्प्रॉकेट अगदी हळू फिरवत न्यायचं, मग दोन टोकं स्क्रूने ओढणाऱ्या साधनाने जवळ आणून पिन परत घालायची. यात ड्रायव्हरने फक्त एकाच माणसाचा इशारा बघायचा. बाकी कुणी ओरडलं तर ते फक्त "थांब" असू शकतं. बोटं जायला कडी आणि दात यांच्यामधली एक फट पुरते.

डांबरी रस्त्यावर ट्रॅकच्या कड्यांवरच्या रबरी पॅडकडे लक्ष ठेवा. पॅड झिजून लोखंड टेकायला लागलं की रस्ता तर उखडतोच, पण ओल्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी बर्फावर घसरावी तशी घसरते. वजन जास्त म्हणून पकड जास्त, हा समज मनातून काढा.

आता इंजिनकडे येऊ. ४३२ मधलं रोल्स-रॉइसचं के६० तुम्ही आजवर खोललेल्या कुठल्याच इंजिनासारखं नाही. सहा सिलिंडर, बारा पिस्टन. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावतात, दोघांच्या मध्ये डिझेल जळतं. सिलिंडर हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. एक पिस्टन हवेची भोकं उघडतो, दुसरा धुराची. दोन क्रँकशाफ्ट. टू-स्ट्रोक असल्यामुळे आतला धूर बाहेर लोटायला ब्लोअर लागतो. साडेसहा लिटरमधून २४० अश्वशक्ती मिळते. पेट्रोलपासून डिझेलपर्यंत वेगवेगळी इंधनं चालावीत म्हणून ते तसं बनवलं. नीट चाललं की आवाज इतका घट्ट आणि एकसंध येतो की ऐकत राहावंसं वाटतं.

त्याचं दुखणं म्हणजे पाणी. लायनरच्या (सिलिंडरच्या अस्तराच्या) सीलमधून कुलंट झिरपतं आणि तेलात उतरतं. गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. सकाळी थंड इंजिनखाली पसरट भांडं ठेवून सम्पचा, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याचा, प्लग थोडासा सैल करा. कुलंट तेलापेक्षा जड, रात्रभरात तळाशी बसतं. आधी पाणी आलं आणि मागून तेल, तर इंजिन खोलायचंय हे धरून भाव करा. "एका सेल्फमध्ये सुरू होते" या वाक्याचा याच्याशी काही संबंध नाही. सीलमधून पाणी झिरपत असतानाही ते एका सेल्फमध्ये सुरू होतं.

एम११३ए१ मधलं डेट्रॉइट ६व्ही५३ सुद्धा टू-स्ट्रोक डिझेलच, २१२ अश्वशक्तीचं, पण त्याच घराण्याची इंजिनं ट्रक, बोटी आणि बांधकामाच्या यंत्रांत खूप वापरली गेली, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री मिळतात. या इंजिनात हल्लीचं मल्टिग्रेड तेल घालू नका. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं एकाच ग्रेडचं, कमी राखेचं तेलच घाला. आणि दोन्ही इंजिनांबाबत एक सांगून ठेवतो: टू-स्ट्रोक डिझेल कधी कधी स्वतःचंच वंगण जाळत सुसाट सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. तेव्हा हवा बंद करणं हाच इलाज. हवेचं तोंड कुठे आहे आणि ते कशाने झाकायचं, हे सुरू करण्याआधी ठरलेलं असावं. मी जाड प्लायवुडची फळी मापाने कापून हाताशी ठेवली आहे.

महिन्यातून एकदा गाडी सुरू करून पाच मिनिटं जागीच मंद चालू ठेवतात, हे चुकीचं आहे. इंजिन तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल धुराड्यात साचतं, तेलात ओल धरते. सुरू केलीत तर तापमानाचा काटा वर येईपर्यंत चालवा, नाहीतर राहू द्या. प्रत्येक फेरीनंतर उतरून सगळ्या चाकांच्या हबवर उलटा हात ठेवा. सगळे सारखे कोमट असले पाहिजेत. एक चटका देत असेल तर त्याचं बेअरिंग खराब होत चाललंय, आणि हे आज कळलं तर बेअरिंगवर भागतं. मी हे अजूनही प्रत्येक वेळी करतो.

स्पार्टनबद्दल तुम्ही विचारलंत. वजन आठ टनांच्या आसपास, रुंदी सव्वादोन मीटर, म्हणजे वाहतूक खरंच सोपी. मूळ इंजिन जॅग्वारचं ४.२ लिटर पेट्रोल, सुमारे १९० अश्वशक्ती. पुढे काही गाड्यांत ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल बसवलं गेलं, आणि निवड असेल तर मी डिझेलचीच घेईन. तेच इंजिन ट्रकमध्ये आहे, भाग सहज मिळतात, आणि बंद डब्यात गरम पेट्रोल नसलं की झोप नीट लागते. तिचं स्टिअरिंगही वेगळं आहे: प्रत्येक गिअरला वळणाची स्वतःची त्रिज्या, गिअर जितका खालचा तितकं वळण आवळ, आणि न्यूट्रलमध्ये जागच्या जागी फिरते. पण तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या चिलखताची. सुरुवातीच्या मिश्रधातूला ताणामुळे बारीक तडे जाण्याचा दोष होता. बोल्टच्या भोकांभोवती, वेल्डच्या कडेला, टॉर्च तिरपी धरून बघा. ४३२ पोलादी आहे, गंजते, पण गंज दिसतो आणि कुणीही चांगला वेल्डर तो सांधू शकतो. आत काम करायला ४३२ मध्ये उभं राहून हात हलवता येतात. स्पार्टनमध्ये एक पाना पडला की तो काढायला अर्धा तास.

सुटे भाग शोधायचे तर तेरा आकडी नाटो स्टॉक नंबर शिका. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात, पुढचे दोन ती कुठल्या देशाने नोंदवली ते: ९९ ब्रिटन, ०० किंवा ०१ अमेरिका, १२ जर्मनी. "४३२ चा पाण्याचा पंप" असं विचारत हिंडण्यापेक्षा तो आकडा टाका. तोच भाग दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीसाठी नोंदलेला, कोऱ्या खोक्यात निघतो. फक्त रबराच्या वस्तूंवरची तारीख बघा. तीस वर्षं खोक्यात पडलेलं ऑइल सील नवं दिसतं, पण हातात वाकवलं की कडा फुटते. आणि त्या त्या गाडीची लष्करी मॅन्युअल गाडीच्या आधी मिळवा.

वीज २४ व्होल्टची आहे. छोट्या पंख्यासाठी किंवा मोबाइलसाठी दोनपैकी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढू नका, ती जोडी बिघडते. कन्व्हर्टर लावा.

काही धोके डोळ्याला दिसत नाहीत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, गॅस्केटमध्ये आणि धुराड्याच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं, हवेच्या पाइपने झटकू नका. जुन्या लष्करी रंगात शिसं आणि क्रोमेट असतात, कोरडं घासू नका. फार जुन्या गाडीत अंधारात चमकणारी मीटर असतील तर त्यांची काच उघडू नका, तो रेडियमचा रंग असू शकतो. गाडीत जुनं हॅलॉनचं अग्निशामक असेल तर रीतसर जमा करून नवं घ्या. आणि गाडीच्या वरची झाकणं. झाकण उघडलं की त्याची खिट्टी बसल्याचा खट्ट आवाज कानाने ऐका, मग डोकं बाहेर काढा. उताराला थांबताना सुटलेलं झाकण मनगट मोडतं, मी बघितलंय.

चालवताना वर एक माणूस हवाच. ड्रायव्हरला पलीकडच्या बाजूचा ट्रॅक दिसत नाही, मागचं काहीच दिसत नाही, आणि इंजिन कानाशी गर्जत असतं. चालू इंटरकॉम नसेल तर गाडी आवाराबाहेर नेऊ नका. परवान्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे. ब्रिटनमध्ये ट्रॅकने वळणाऱ्या वाहनासाठी "एच" हा वेगळा वर्ग आहे आणि त्याला वय २१ पूर्ण लागतं. तुमच्याकडे काय लागतं ते पैसे देण्याआधी लेखी मिळवा. विमाही तसाच. डिझेलचा अंदाज हवा असेल तर ४३२ ची टाकी ४५४ लिटरची आणि रस्त्यावरचा पल्ला सुमारे ४८० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ एक लिटर.

तुमच्या जागी मी काय करेन? तुमची शेड उंच असेल, क्रेन मागवता येत असेल, आणि वीकएन्डला येणारा एक भरवशाचा माणूस असेल तर ४३२ घ्या. मोकळी गाडी, पोलादी अंग, शिकायला उत्तम. शेड किंवा क्रेनचं जमत नसेल तर डिझेलची स्पार्टन शोधा, उशीर झाला तरी चालेल; दुसरा माणूस मात्र तिलाही लागेल. बघायला जाताना मोठी टॉर्च, सम्पसाठी भांडं, कड्या मोजायला खडू आणि तो दुसरा माणूस बरोबर न्या. गाडी पुढे चालवून दाखवतील, ती मागे घ्यायला लावा आणि मागे जाताना दोन्हीकडे वळवायला लावा, तुम्ही बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून वरच्या पट्ट्याकडे बघा. तो किती उसळतो ते मला लिहा, आणि जमलं तर स्प्रॉकेटचा जवळून फोटो काढा.